बरी होते, पुन्हा खाणं सोडते: सोडून दिलेल्या गिनी पिगचं दुखणं नेमकं कुठे शोधायचं

भुरी आमच्याकडे आली तेव्हा मार्गशीर्ष चालू होता. इंदूरच्या सुदामा नगरात आमच्या मागच्या गल्लीतले भाडेकरू घर सोडून गेले आणि जाताना तिला जाळीच्या पिंजऱ्यासकट जिन्याखाली ठेवून गेले. पिंजऱ्यात बाजरी, अर्धी वाळलेली पोळी आणि शेवेचा चुरा. गवताची काडीसुद्धा नाही. घरी आणून स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवली तर ६१० ग्रॅम भरली. पूर्ण वाढलेलं गिनी पिग साधारण ७०० ते १२०० ग्रॅमचं असतं. हातात घेतली तर केसांखाली कणा आणि बरगड्या लागत होत्या.

पुढच्या चार महिन्यांत तिनं चार वेळा खाणं सोडलं. दर वेळी क्रम तोच. दवाखाना, पोटातल्या वायूचं औषध, दोन दिवस सिरिंजनं भरवणं, आणि तिसऱ्या दिवशी फ्रिजचं दार उघडलं की हिची शिट्टी सुरू. आम्हाला वाटायचं, सुटलो. मग वीस-बावीस दिवसांनी पुन्हा कोपऱ्यात केस फुलवून, डोळे अर्धवट मिटून बसलेली.

तुमच्या घरी हेच चाललं असेल तर हे सगळं तुमच्यासाठी लिहिते आहे. पोटाचं औषध दर वेळी लागू पडत होतं, त्यामुळे दुखणं पोटाचंच आहे असं आम्ही धरून चाललो. निघालं ते दाढांचं, आणि दाढा बिघडल्या होत्या क जीवनसत्त्वावाचून.

आधी तातडीचं सांगते, कारण कुणी आत्ता रात्री आजारी जनावर मांडीवर घेऊन हे वाचत असेल. गिनी पिगनं १२ तास काही खाल्लं नसेल किंवा लेंड्या टाकल्या नसतील, तर सकाळ होण्याची, रविवार जाण्याची वाट बघू नका. त्यांचं आतडं सतत चाऱ्यानं भरलेलं आणि हलतं असावं लागतं. कुठेही दुखलं की ते कमी खातात, कमी खाल्लं की आतडं मंदावतं, मंदावलं की वायू धरतो, वायूनं आणखी दुखतं, आणि मग खाणं पूर्णच बंद होतं. म्हणून दुखणं दाताचं असो, मूत्राशयाचं असो की पायाचं, शेवटी आपल्याला दिसतं ते पोटच. पोटाला हलक्या हातानं बोटं लावून पाहा. मऊ असेल तर भरवता येतं. ढोलासारखं ताणलेलं असेल, टिचकी मारल्यावर पोकळ वाजत असेल, तर तोंडात काहीही घालू नका आणि थेट डॉक्टरांकडे न्या. तोंड उघडं टाकून श्वास घेणं, अंग गार पडणं, मान टाकणं, लघवी करताना किंचाळणं, हेही त्याच घाईचं आहे.

आता आमचं कोडं सुटलं कसं ते सांगते.

चौथ्या वेळी डॉक्टरांकडे जाण्याआधी मी तिच्यासमोर हरळीची जुडी धरली. ती लगबगीनं आली. आम्ही इतके दिवस ‘भूक मेली आहे’ असंच म्हणत होतो, आणि इथे ती धावत आली होती. एक पातं पटाशीच्या दातांनी तोडलं, आत ओढलं, जबडा दोन-तीनदा एकाच बाजूला फिरवला, मान किंचित वाकडी केली, आणि ते पातं तोंडातून खाली पडलं. तिनं दुसरं उचललं. तेही पडलं. मग मी खाली पडलेली पाती उचलून ताटलीत ठेवली. सात होती. सगळ्यांची टोकं तुटलेली, मधला भाग नुसता लाळेनं चिकट, दाढेखाली चिरडल्याची खूण एकावरही नव्हती. हनुवटीखाली बोट फिरवलं तर तिथले केस ओले आणि एकमेकांना चिकटलेले. हे किती दिवसांपासून ओलं होतं, कोण जाणे. मी तिच्या पाठीवरून रोज हात फिरवत होते, हनुवटी कधी पाहिलीच नव्हती.

हा फरक समजून घ्या. जनावर अन्नापाशी येतं, उचलतं आणि टाकतं, काकडी खातं पण गवत सोडतं, तर तोंडात दुखतंय. अन्नापाशी येतच नाही, तर पोट, ताप किंवा दुसरीकडचं दुखणं. डॉक्टरांना ‘खात नाही’ एवढंच सांगितलं तर तेही पोटापासूनच सुरुवात करणार. ‘उचलते पण चावत नाही, हनुवटी ओली आहे’ असं सांगितलं की ते तोंड उघडून बघतात. शक्य असेल तर मोबाईलवर त्याचं चित्रण करून न्या, कारण दवाखान्याच्या टेबलावर गिनी पिग घाबरून दगडासारखं बसतं आणि काहीच दाखवत नाही.

समोरचे पटाशीचे दात नीट दिसले म्हणून दात चांगले, असं समजू नका. भुरीचेही समोरचे दात सरळ होते. गिनी पिगला एकूण २० दात असतात आणि सगळेच्या सगळे जन्मभर वाढत राहतात. गवत चघळून चघळून ते झिजायला हवेत. बाजरी आणि पोळीनं ते झिजत नाहीत. मग खालच्या दाढा आत जिभेकडे कलतात, वरच्या बाहेर गालाकडे, आणि टोकं बोचायला लागतात. खालच्या दाढा फार वाढल्या तर जिभेवर कमान होते आणि जनावराला गिळताच येत नाही. तोंड इतकं अरुंद असतं की मागच्या दाढा नीट पाहायला बहुतेक वेळा भूल द्यावी लागते. भुरीला भूल दिली तेव्हा डावीकडच्या खालच्या दाढेचं टोक जिभेला टेकलेलं दिसलं आणि तिथे जखम होती. दाढा घासून घेतल्या. एक गोष्ट मुद्दाम सांगते: कुत्र्या-मांजरांसारखं गिनी पिगला भुलीआधी रात्रभर उपाशी ठेवत नाहीत. त्यांना उलटी होत नाही, आणि उपासानं आतडं थांबण्याचीच भीती मोठी. कुणी रात्रीपासून उपाशी ठेवा म्हटलं तर पुन्हा विचारा.

पण दाढा नुसत्या गवतावाचून बिघडल्या नव्हत्या. माणसासारखंच गिनी पिगच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही. ते रोज खाण्यातून मिळावं लागतं, आणि दोन-तीन आठवडे मिळालं नाही की स्कर्व्ही दिसू लागतो. या जीवनसत्त्वावाचून कोलॅजन, म्हणजे शरीराला बांधून ठेवणारं प्रथिन, नीट बनत नाही आणि दात जबड्यात घट्ट धरून ठेवणारे तंतू त्याचेच असतात. ते सैल पडले की दाढ हलते, जागा सोडते, तिरपी वाढते. भुरी सकाळी उठताना मागचे पाय ओढत चालायची, उचललं की कण्हायची. आम्ही म्हणायचो, थंडीनं आखडली आहे. इंदूरच्या पौषात माणसंही आखडतात, म्हणून ते खरं वाटलं. गुडघे सुजलेले, केस राठ, बारीक ओरखडाही भरून न येणं, हिरड्यांतून रक्त, ही सगळी त्याचीच लक्षणं आहेत.

आणि औषध तर आम्ही देत होतो! पाळीव प्राण्यांच्या दुकानातून आणलेले थेंब पाण्याच्या बाटलीत टाकत होतो. ते निरुपयोगी आहे. पाण्यात क जीवनसत्त्व उजेडानं आणि हवेनं काही तासांत कमी होतं, जनावर किती पाणी प्यायलं कळत नाही, आणि चव बदलली म्हणून ते पाणीच कमी पितं. पेलेटवर, म्हणजे दाबून केलेल्या खाद्याच्या कांड्यांवर, ‘व्हिटॅमिन सी युक्त’ छापलेलं असलं तरी पाकीट तयार झाल्यापासून साधारण ९० दिवसांच्या आत संपवायला हवं. आम्ही आणलेल्या पाकिटाची तारीख आठ महिन्यांपूर्वीची होती.

निरोगी मोठ्या गिनी पिगला वजनाच्या दर किलोमागे रोज १० ते ३० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व लागतं. आजारी किंवा गाभण असेल तर जास्त, ते डॉक्टर ठरवतील. हिरव्या ढोबळी मिरचीत १०० ग्रॅमला सुमारे ८० मिलिग्रॅम असतं, म्हणजे रोज २०–२५ ग्रॅमची फोड आणि वर मूठभर कोथिंबीर दिली की निरोगी जनावराचं भागतं. लाल मिरचीत, म्हणजे लाल ढोबळीत, याहून जास्त. जाम, म्हणजे महाराष्ट्रातले लोक ज्याला पेरू म्हणतात तो, यात फारच पुढे, १०० ग्रॅमला २०० मिलिग्रॅमच्या वर. पण तो गोड असतो, म्हणून नखाएवढा तुकडा आठवड्यातून दोन-तीनदा. भुरीला दाढांमुळे मिरची चावत नव्हती, तेव्हा डॉक्टरांनी माणसांची साधी, बिनसाखरेची ५०० मिलिग्रॅमची गोळी सुचवली. ती १० मिली पाण्यात विरघळवली की १ मिलीत ५० मिलिग्रॅम येतं. सुईशिवाय सिरिंजनं थेट तोंडात. उरलेलं टाकून द्यायचं, दुसऱ्या दिवशी नवीन करायचं. अनेक जीवनसत्त्वं एकत्र असलेली गोळी मात्र नको, त्यातलं अ आणि ड शरीरात साठून बाधतं.

बारा दिवसांत ती मागचे पाय न ओढता चालायला लागली.

भरवण्याबद्दल. दाढा घासल्यावर आपोआप खाणं सुरू होईल अशी माझी समजूत होती. तसं होत नाही. जबड्याचे स्नायू थकलेले असतात, जखम ओली असते. भुरीला आणखी नऊ दिवस भरवावं लागलं. ताजी पेलेट कोमट पाण्यात भिजवून, चुरून, पातळ लापशीसारखी करायची. डॉक्टरांकडे किंवा ऑनलाइन आजारी शाकाहारी प्राण्यांसाठी तयार भुकटी मिळते, ती जास्त चांगली. दिवसाला वजनाच्या दर किलोमागे ५० ते ८० मिली, पाच-सहा वेळांत वाटून. ७०० ग्रॅमच्या जनावराला एका वेळी आठ-दहा मिली होतं. टॉवेलात गुंडाळून मांडीवर बसवायचं, उताणं कधीही करायचं नाही. सिरिंज समोरून न घालता पटाशीच्या दातांमागच्या मोकळ्या जागेतून, बाजूनं. एका घोटाला अर्धा मिली, मग थांबायचं, जबडा हलला, गिळलं हे दिसलं की पुढचा. घाई केली तर ते श्वासनलिकेत जातं. पहाटे चारची वेळ माझ्या सासूबाईंनी घेतली होती. त्या तिला ‘बाई, घे गं एवढं’ म्हणत पाऊण तास बसायच्या, आणि खरं सांगायचं तर माझ्यापेक्षा त्यांच्या हातून ती नीट घ्यायची.

दुखण्याचं औषध डॉक्टरांनी लिहून दिलं असेल तर ते बंद करू नका. दुखत असताना कुणीच जेवत नाही. आपल्या घरातली माणसांची दुखण्याची गोळी मात्र मोडून देऊ नका.

याच काळात एक जीवघेणी चूक होता होता राहिली. फाल्गुनात तिला शिंका आणि नाकातून पाणी सुरू झालं. जवळच्या एका दवाखान्यात नेलं, तिथे कुत्री-मांजरंच जास्त येतात. त्यांनी अमॉक्सिसिलिनचं सिरप लिहून दिलं. घरी येऊन बाटली ओट्यावर ठेवली आणि खालच्या मजल्यावरचे काका भेटायला आले. ते पशुवैद्यकीय खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी बाटली उचलून वाचली आणि म्हणाले, ‘एकही थेंब देऊ नकोस, हे ससे आणि गिनी पिग यांना चालत नाही.’ पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन, एरिथ्रोमायसिन ही औषधं तोंडावाटे दिली तर गिनी पिगच्या आतड्यातले उपयोगी जंतू मरतात, क्लॉस्ट्रिडियमसारखे विषारी जंतू माजतात आणि काही दिवसांत जनावर दगावू शकतं. एन्रोफ्लॉक्सासिन किंवा ट्रायमेथोप्रिम-सल्फा गटातली औषधं त्यांना साधारणपणे चालतात. हे पाठ करून घरी डॉक्टरकी करायची नाही, पण चिठ्ठी हातात आली की ही सहा नावं ताडून बघा, आणि त्यातलं एखादं दिसलं तर तिथेच नम्रपणे विचारा. विचारण्यात डॉक्टरांचा अपमान होत नाही. शिंकांच्या बाबतीत आणखी एक: ससे आणि कुत्री स्वतः ठणठणीत दिसत असताना बोर्डेटेला नावाचा जंतू बाळगू शकतात आणि गिनी पिगला त्यानं न्यूमोनिया होतो. ससा आणि गिनी पिग एका पिंजऱ्यात नकोत.

तोंड आणि क जीवनसत्त्व दोन्ही ठीक निघालं, तरी खाणं सुटतंच आहे, तर पुढे कुठे पाहायचं?

लघवी. खाली पांढरा कपडा घाला. पाठ वाकवून, कण्हत लघवी होत असेल, रक्ताचा डाग किंवा वाळूसारखी कचकच असेल, तर मूतखड्याचा संशय घ्या आणि एक्स-रे काढून घ्या. वाळल्यावर थोडी पांढरी भुकटी दिसणं नेहमीचं आहे. रोज पालक देऊ नका. आपल्याकडे थंडीत गाईंसाठी बरसीमच्या पेंढ्या विकायला येतात. ती हिरवीगार दिसते म्हणून मीही आणली होती, पण बरसीम आणि लसूणघास यांत कॅल्शियम जास्त असतं, मोठ्या गिनी पिगला ते रोजचं खाणं नव्हे. पिल्लांना आणि गाभण मादीला थोडं चालतं. डेअरीवरचा गव्हाचा भुसाही गवताच्या जागी चालत नाही, टोकं बोचतात आणि पोषण नसतं. आम्ही आता सीलबंद टिमोथी गवत मागवतो, आणि पावसाळ्यात बागेतली फवारणी नसलेली हरळी धुऊन, पुसून देतो.

कातडी. सोडून दिलेल्या जनावरांत खरूज फार आढळते. खाजवून खाजवून ती बेजार होतात, काहींना तर फेफरं येतं, आणि मग ती खात नाहीत. हीसुद्धा पुन्हा पुन्हा उलटणारी तक्रार आहे, आणि कारण सोपं आहे: एका इंजेक्शननं किडे मरतात, अंडी राहतात. वजनाप्रमाणे आयव्हरमेक्टिनचे डोस डॉक्टर सात ते चौदा दिवसांच्या अंतरानं पुन्हा देतात, ते शेवटपर्यंत पूर्ण करायचे, सोबतच्या सगळ्या गिनी पिगना द्यायचे, आणि लाकडी घर, कापड सगळं बदलायचं किंवा उकळायचं. कुत्र्यांच्या मानेवर लावायचे फिप्रोनिलचे थेंब यांना लावू नका. नाकाभोवती, डोळ्यांभोवती गोल टक्कल आणि कोंडा असेल तर तो गजकर्ण, माणसांनाही होतो, मुलांना हात धुवायला लावा.

तळपाय. भुरीचा पिंजरा जाळीचा होता. तळवे लाल, सुजलेले, खपली धरलेले असतील तर उभं राहणंच दुखतं. जाळी काढून जाड सुती कापड, रोज बदललेलं.

उकाडा. यांना १८ ते २४ अंश मानवतं. चैत्र-वैशाखात इंदूरचा पारा चाळिशी ओलांडतो आणि वरच्या मजल्याची गच्ची दिवसभर तापते. आमच्याकडे दुपारी तिला तळमजल्यावरच्या खोलीत ठेवतो, बर्फाच्या बाटलीला पंचा गुंडाळून शेजारी, आणि भिजवलेली मातीची कौलं. कूलरचा झोत थेट अंगावर नको. अंग लोंबकळलं, धाप लागली, लाळ गळू लागली तर तो उष्माघात. साध्या, बर्फ न घातलेल्या पाण्यानं कान आणि पाय ओले करत डॉक्टरांकडे निघायचं. रंगपंचमीच्या गेरचे, म्हणजे मिरवणुकीचे, भोंगे आणि दिवाळीचे फटाके यांनीही ती घाबरून कमी खाते, तेव्हा आतल्या खोलीत, झाकलेल्या कोपऱ्यात ठेवतो.

आणि मादी असेल तर एक शक्यता कधीही विसरू नका. दुकानात आणि गर्दीच्या पिंजऱ्यात नर-मादी एकत्र ठेवलेले असतात, त्यामुळे घरी आणलेली मादी गाभण असू शकते. गर्भ ५९ ते ७२ दिवसांचा असतो. वजन झपाट्यानं वाढत असताना अचानक खाणं सोडलं, तर ती सगळ्यांत मोठी घाई आहे. वयस्क मादीच्या दोन्ही कुशींवरचे केस सारखेच जात असतील, आणि खाज नसेल, तर अंडाशयातल्या गाठींसाठी सोनोग्राफी करून घ्या.

आता डॉक्टर. इंदूरमध्ये गिनी पिग पाहणारे डॉक्टर शोधावे लागतात. फोनवरच विचारा की तुम्ही गिनी पिगला भूल देऊन दाढा घासल्या आहेत का, आणि त्यांना कोणतं अँटिबायोटिक देता. उत्तरावरून कळतं. महूला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, अवघड वाटलं तर तिथे विचारता येतं. आजारी नसताना एकदा जाऊन ओळख करून ठेवा. रात्री अकराला नंबर शोधत बसण्याची पाळी आमच्यावर आली होती.

नवीन आणलेलं जनावर पहिले तीन आठवडे घरातल्या इतरांपासून वेगळ्या खोलीत, वेगळी भांडी, आणि त्याला हात लावल्यावर हात धुणं.

वजनाची वही मात्र पहिल्या दिवसापासून ठेवा. आजारी दिसलं की शिकारी उचलतो, म्हणून हे प्राणी दुखणं लपवतात, आणि आपल्याला कळेपर्यंत फार उशीर झालेला असतो. मी चौथ्या वेळेनंतर जुनी पानं उलटून पाहिली, तेव्हा ७४२, ७३०, ७११, ६८८ असे आकडे ओळीनं लिहिलेले होते, माझ्याच हस्ताक्षरात, आणि खाणं सुटलं ते त्यानंतर. मी लिहीत होते, वाचत नव्हते. आठवड्यातून एकदा, त्याच वेळी, खाण्याआधी वजन. आजारपणात रोज. ५० ग्रॅम घटले तर तोंड, लेंड्या, लघवी सगळं तपासायचं. एकूण वजनाचा दहावा हिस्सा घटला तर दवाखाना, मग ती कितीही हुंदडत असो.

सकाळी कचरागाडीचं गाणं ऐकू येण्याआधी मी लेंड्या गोळा करते. मोठ्या, लांबट, सारख्या आकाराच्या असल्या की दिवस ठीक. बारीक, टोकदार किंवा दोऱ्यात ओवल्यासारख्या जोडलेल्या दिसल्या की त्याच दिवशी हनुवटी पाहते आणि हरळीचं पातं समोर धरते.

एकदा जागा सोडलेल्या दाढा पूर्वीसारख्या सरळ होतीलच असं नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. भुरीच्या दाढा सात आठवड्यांनी पुन्हा घासाव्या लागल्या, त्यानंतरचं अंतर अकरा आठवड्यांवर गेलं. पुढची तारीख फ्रिजवर लावली आहे. काल ती ८९० ग्रॅम भरली, आणि हरळीचं पातं टोकापासून देठापर्यंत चावून खाल्लं.